एकविसाव्या दिवसाचं इंजेक्शन

मीरा रोडची थंडी तशी नावालाच. पौष लागला की सकाळी दूध आणायला खाली उतरताना खांद्यावर शाल घ्यावीशी वाटते, हाटकेशच्या कारखान्यांच्या पत्र्यांवर दव चमकतं, आणि नऊ वाजेपर्यंत सगळं संपूनही जातं. घसे मात्र नेमके याच दिवसांत धरतात. आमच्या जिन्यातून शाळेला निघालेली पोरं खोकत खोकत उतरतात. वरच्या मजल्यावरची एक चिमुरडी परवा घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आंटी, मेरा गला बैठ गया." मी तिच्या आईला जिन्यातच थांबवलं. गिळताना दुखतंय का, ताप आहे का, सगळं विचारलं आणि डॉक्टरांकडे घेऊन जा म्हणून मागेच लागले. ती हसून हो म्हणाली. म्हातारी उगाच घाबरते, असं तिला वाटलं असणार. वाटू दे. घसा दुखण्याचे दिवस आले की मी अशीच वागते. एका हिवाळ्यात माझ्या घशापासून जे सुरू झालं, ते पुढे दहा वर्षं चाललं. आणि गंमत अशी की त्या दहा वर्षांकडे वळून पाहताना मला बहुतेक वेळा बरंच वाटतं.

त्या हिवाळ्यात मी अकरा वर्षांची होते. साठचं दशक संपायला थोडी वर्षं उरली होती. आम्ही भाईंदरला, स्टेशनपासून दहा मिनिटांच्या अंतरावर एका बैठ्या चाळीत राहायचो. चाळीच्या मागे चार पावलं गेलं की मिठागरं सुरू. अण्णा, म्हणजे माझे वडील, पोस्टमन होते. राई, मुर्धा, मोरवा, डोंगरी अशी गावं त्यांच्याकडे होती. सकाळी खाकी पिशवी सायकलला अडकवून निघायचे ते दुपारी उशिरा परत यायचे. आई रोह्याकडची. बुटकी, चपळ, बोलायला फटकळ. मी त्यांची एकुलती एक, सुनंदा. मला जन्म दिला होता दुसऱ्याच एका बाईने. ही गोष्ट चाळीतल्या जुन्या लोकांना माहीत होती, मला नव्हती. त्या हिवाळ्यात ती मला कळली. कळण्याचं कारण माझा गुडघा.

त्याआधी घसा. डिसेंबरात अख्ख्या वर्गाचे घसे धरले होते. बाई फळ्याकडे तोंड करून लिहायच्या आणि मागे चाळीस पोरी खोकायच्या. शेजारच्या खोलीतली कुंदा माझी जिवाभावाची मैत्रीण. आम्ही दोघींनी एका पेरूला आळीपाळीने दात लावून तो संपवला होता, तेही तिचा घसा दुखत असताना. दोन दिवसांनी माझाही दुखायला लागला. तिलाही ताप, मलाही ताप. तिच्या घशात पांढरे ठिपके, माझ्याही घशात. तिची आई आणि माझी आई, दोघींनी आपापल्या पोरीला गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या करायला लावल्या. मिठाला आमच्याकडे काय तोटा! आम्ही दोघी ओट्यावर शेजारी शेजारी उभ्या राहून, मान वर करून, कोणाची गुळणी जास्त वेळ चालते याची शर्यत लावायचो. चार-पाच दिवसांत दोघी बऱ्या झालो आणि शाळेत गेलो. विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

अडीच-तीन आठवडे गेले. संक्रांत झाली. एका सकाळी मी अंथरुणातून उठायला गेले आणि उजवा पाय टेकवेना. गुडघा लालभडक, गरम, पेरूएवढा नाही तर नारळाएवढा झाल्यासारखा वाटत होता. आईने हात लावला तशी मी किंचाळले. संध्याकाळी अंगात ताप भरला. दुसऱ्या दिवशी गुडघा जरा उतरला, तर डावा घोटा फुगला. मग मनगट. दुखणं माझ्या अंगात घर बदलत फिरत होतं. पांघरुणाचं ओझंसुद्धा सहन व्हायचं नाही. आईने दोन पाट उभे करून त्यांवर चादर टाकली आणि माझे पाय त्या तंबूत ठेवले. कुंदा दारातून डोकावून बघायची आणि तिच्या आईने हाक मारली की पळायची. ती ठणठणीत होती. लंगडी खेळत होती. तोच पेरू खाल्लेली.

आमचे डॉक्टर साठीचे, अंगाने सडपातळ, धोतर नेसणारे. दवाखाना स्टेशनजवळ. त्यांना अण्णांनी घरी आणलं. त्यांनी सांधे पाहिले, मग माझ्या छातीवर नळी लावली आणि डोळे मिटून इतका वेळ ऐकत राहिले की आईने पदर तोंडाला लावला.

"मागच्या महिन्यात घसा आला होता का हिचा?"

"हो. पण बरा झाला," आई म्हणाली.

"घसा बरा झाला. आता हे त्याचं पाठीमागून आलेलं दुखणं आहे. सांध्यांचं सोडा, सांधे उतरतील. मला काळजी हृदयाची आहे. या तापाचा डोळा हृदयावर असतो." मग त्यांनी नळी गळ्यात अडकवली आणि सहज विचारलं, "घरात कोणाला असं झालेलं आहे का? तुम्हाला लहानपणी? किंवा सांधे सुजणं, चालताना धाप लागणं? हे पुष्कळदा घराण्यात असतं."

आई म्हणाली, "नाही."

मी अंथरुणात होते, म्हणून मला तिचा चेहरा खालून दिसला. आई फटकळ होती, पण खोटं तिला बोलता यायचं नाही. हे 'नाही' तिने इतक्या पटकन म्हटलं की मला ते लक्षात राहिलं. अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते.

मी मात्र वेगळ्याच काळजीत होते. संक्रांतीच्या आधी मी आईची नजर चुकवून चिंचा-बोरं खाल्ली होती. शेजारची काकू, म्हणजे कुंदाची आई, येऊन सांगून गेलीच होती, "आंबट खाल्लं असणार. आमच्या कुंदीला मी बोराला हात लावू देत नाही." मी रडत रडत डॉक्टरांना बोरांचं सांगून टाकलं. ते हसले नाहीत. खुर्ची जवळ ओढून बसले.

"बोरांनी काही झालेलं नाही. ऐक. घशात जंतू आले. तुझ्याही आणि तुझ्या मैत्रिणीच्याही, एकच जात. शरीर काय करतं, त्यांना हुडकून मारायला निघतं. गावात चोर आला की लोक काठ्या घेऊन बाहेर पडतात ना, तसं. तुझ्या मैत्रिणीकडच्या लोकांनी चोराला मारलं आणि घरी जाऊन झोपले. तुझ्याकडच्यांनीही चोराला मारलं. पण चोराचा चेहरा तुझ्याच सांध्यातल्या, हृदयातल्या माणसांसारखा थोडा थोडा होता. आता ते त्यांनाच धरून बडवतायत."

"माझेच लोक वेडे कसे?" मी विचारलं.

"वेडे नाहीत. जरा जास्तच जागरूक आहेत. काहींचे असतात. कोणाचे डोळे घारे असतात, कोणाचे काळे, तसंच हेही जन्मतःच येतं. तुझा त्यात काही दोष नाही."

हे शेवटचं वाक्य ते मला म्हणाले, पण आई त्यानंतर बराच वेळ भिंतीला टेकून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पिशवी भरत होते. मी जागी होते, पण डोळे मिटून पडले होते. औषधाच्या गोळ्यांनी कानात एकसारखी शिट्टी वाजत असायची, तरी त्यांचं बोलणं मला ऐकू आलं.

"मी डॉक्टरांना खोटं सांगितलं," आई म्हणाली. "नाही असं म्हणाले. मला काय माहीत आहे हो? माझ्या घरात नाही, तुमच्या घरात नाही. पण हिच्या... त्या बाईला विचारायला हवं. ती डोंगरीला असेल का अजून?"

"आहे," अण्णा म्हणाले.

"तुम्हाला काय ठाऊक?"

अण्णांनी पिशवीचा पट्टा आवळला. "रस्त्यावरच घर आहे. मी रोज समोरून जातो. ती ओट्यावर बसलेली असते. मी घंटी वाजवतो आणि पोर बरी आहे म्हणतो. ती मान हलवते. बस, एवढंच."

"अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं."

मला वाटलं आता भांडण होणार. पण ती म्हणाली, "आणि हल्ली? हे चार दिवस काय सांगितलंत तिला?"

"चार दिवस मी दुसऱ्या वाटेने जातोय," अण्णा म्हणाले.

आईने त्याच दिवशी कुंदाच्या आईला माझ्याजवळ बसवलं आणि बसने डोंगरीला गेली. तिथे काय झालं ते मी पुढे आईच्या आणि त्या बाईच्या, रेजिनाबायच्या, तोंडून कितीतरी वेळा ऐकलं. आई सांगायची तेव्हा आधी रेजिनाबाय रडलेली असायची, रेजिनाबाय सांगायची तेव्हा आधी आई. बाकीचं सगळं जुळायचं.

रेजिनाबाय ओट्यावर वालाच्या पापडीचे ढीग करत बसली होती. कौलारू घर, दाराशी क्रूस, मागे वाडी. आईला बघून ती उठली, आणि उठताना तिला ओट्याच्या खांबाला धरावं लागलं. माझ्या आईने या बाईला अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं, कारण आईनेच तिला सांगितलं होतं, आता येत जाऊ नका. मी तीन महिन्यांची असताना. बाई येऊन पोरीला बघून जाते, उद्या मागेल, न्यायला येईल, या भीतीने आईची झोप उडायची. म्हणून एक दिवस दारातच ते बोलली. रेजिनाबाय हो म्हणाली, आणि खरंच कधी आली नाही.

"पोर बरी हाय ना, वयनी?" रेजिनाबायने विचारलं.

आईने सगळं सांगितलं. ताप, गुडघा, घोटा, हृदयावर लावलेली नळी. आणि डॉक्टरांचा प्रश्न सांगितला. रेजिनाबायने स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"मना हाय," ती म्हणाली. "मी धा वर्साची व्हते तवा दोन म्हैने अंथरुनावर व्हते. असंच. आज ह्यो गुडघा, उद्या त्यो. मंग बरी झाले. लगीन झाल्यावर दम लागाया लागला. ही पोर पोटात व्हती तवा तर बसून झोपायचे. नवरा काविळीनं गेला व्हता. पोर झाली, छातीशी घेतली का माजा जीव घुसमटायचा. ती भुकेनं रडं, मी दमानं. लोक म्हनले, कामचुकार हाय. वयनी, मना पोर नको न्हवती. मना श्वास पुरत न्हवता."

आईला हे माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, गरिबी, विधवा बाई, पदरात आधीच एक पोर, म्हणून दिली. पोस्टमनच्या घरी मूल नाही, हे गावाला ठाऊक होतं, म्हणून आमच्याकडे दिली. काही महिन्यांसाठी असं बोलणं झालं होतं, आणि मग आईलाच मला सोडवलं नाही. आता तिला कळलं की ज्या दुखण्याने माझे पाय पाटांच्या तंबूत ठेवले होते, त्याच दुखण्यामुळे मी तिच्या घरी आले होते. ती ओट्यावर बसली ती उठेचना.

तेवढ्यात आतून एक मुलगी आली. चौदा-पंधरा वर्षांची, गळ्याला फडकं गुंडाळलेली. फिलोमिना. घरात तिला फिलू म्हणायचे. रेजिनाबायची थोरली, म्हणजे माझी बहीण.

"गळ्याला काय झालं हिच्या?" आईने विचारलं.

"घसा आलाय. दोन दिस झाले."

"आणि हिचे कधी सांधे?"

रेजिनाबाय आठवू लागली. दोन पावसाळ्यांपूर्वी फिलूचे घोटे सुजले होते, महिनाभर. तेल चोळलं, गेलं.

आई उभी राहिली. "तुम्ही दोघी चला माझ्याबरोबर. आत्ता. पुढची बस कधी आहे?"

"वयनी, तुमीच म्हनला व्हता का येऊ नको."

"म्हणाले होते. आता म्हणतेय, चला."

मला आईने सांगितलं ते त्या दोघी आमच्या पुढच्या खोलीत पाणी पीत बसल्या असताना. माझ्या उशाशी बसून, केसांत बोटं फिरवत, एका दमात. तू माझ्या पोटची नाहीस. बाहेर बसलीय तिच्या पोटची आहेस. तिने तुला टाकलं नाही, तिला बरं नव्हतं. आई अशी बोलत होती की जणू मधे थांबली तर पुढचं बोलवणार नाही.

मला काय वाटलं? खूप लोकांनी नंतर मला हे विचारलंय. मला धक्का बसला, जग कोसळलं, असं काही झालं नाही. अकरा वर्षांच्या पोरीला दुखत असलं की दुखण्यापलीकडचं फारसं दिसत नाही. मी विचारलं, "तिलाही असंच दुखायचं? पांघरूण लागलं तरी?"

"हो," आई म्हणाली.

इतके दिवस मी सगळ्यांना सांगत होते की चादर लागली तरी दुखतं, आणि सगळे हो हो म्हणून मान हलवत होते. ज्याला कळेल असं माणूस पहिल्यांदाच घरात आलं होतं. मग मात्र मी आईचा पदर धरला. "मला तिकडे जावं लागणार?"

"औषध इथे आहे, डॉक्टर इथे आहेत, मी इथे आहे. तू कुठे जाणार?" आई एवढ्या जोरात म्हणाली की बाहेरचं बोलणं थांबलं.

रेजिनाबाय आत आली. उंच, सावळी, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लाल लुगडं, श्वास जरा मोठा. माझ्या नाकासारखं नाक. ती जवळ आली, पण तिने मला हात लावला नाही. ती वाकली आणि पाटांवरून घसरलेली चादर दोन बोटांनी उचलून अलगद वर ठेवली, माझ्या घोट्याला जराही न लागू देता. एवढंच. मला ती त्या क्षणी आवडली.

डॉक्टर आले. आईने त्यांना दारातच सांगितलं, "काल मी खोटं बोलले. घराण्यात आहे. ही त्या घराण्यातली माणसं."

डॉक्टरांनी एक क्षण सगळ्यांकडे पाहिलं. फिलूचा घसा पाहिला, छाती ऐकली. म्हणाले, आवाज किंचित आहे, पण वेळेवर आलीस, आता याला पुढे जाऊ द्यायचं नाही. तिच्या घशावर त्यांनी तिथल्या तिथे औषध सुरू केलं. मग रेजिनाबायची छाती. तिथे ते फार वेळ ऐकत राहिले. हृदयाची एक झडप आखडून गेली आहे, म्हणाले, म्हणून धाप लागते. कामचुकारपणा नाही हा. रेजिनाबायने ते वाक्य त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. मग तिने फिलूकडे बघितलं आणि म्हणाली, "आयकलंस?"

मी दोन महिने अंथरुणात होते. फाल्गुनात पहिल्यांदा भिंतीला धरून ओट्यापर्यंत गेले तेव्हा मिठागरांत पांढरे ढीग उभे राहिले होते आणि डोळे दिपून पाणी आलं होतं. माझं हृदय बचावलं होतं. पण डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा घसा आला तर पुन्हा हाच प्रकार होऊ शकतो, दर वेळी थोडं जास्त. म्हणून जंतूला घशात पाय ठेवू द्यायचा नाही. त्यावर उपाय एकच, पेनिसिलिनचं इंजेक्शन, दर एकविसाव्या दिवशी, वर्षानुवर्षं. मला, फिलूला आणि रेजिनाबायलाही.

एकवीस दिवस म्हणजे तीन आठवडे. शनिवार ठरला, कारण शनिवारी शाळा सकाळची असायची. दर तीन आठवड्यांनी फिलू आणि रेजिनाबाय बसने भाईंदरला यायच्या आणि आम्ही तिघी दवाखान्यातल्या बाकावर ओळीने बसायचो. पांढरं दाट औषध, जाड सुई. टोचून झालं की पाय भरून यायचा आणि तिघी सारख्याच लंगडत बाहेर पडायचो. पहिल्या वेळी फिलू बाकावर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या वेळी सुई बघून मी रडायला लागले तेव्हा म्हणाली, "अंगठा हालव पायाचा, मंग दुखत न्हाय." दुखायचं ते दुखलंच. पण मी पुढे दहा वर्षं दर वेळी अंगठा हलवला.

जेवणाचं कधी सुरू झालं ते नेमकं आठवत नाही. परतीची बस उशिरा असायची, आणि अशा लंगडणाऱ्या माणसांना उपाशी कसं पाठवायचं, एवढाच आईचा विचार असावा. आधी चहा, मग पोहे, मग एकदा भात-आमटी, आणि वर्षभरात पुरं जेवण. रेजिनाबाय थंडीत पापडी आणायची, एरवी सुके बोंबील, कधी वाडीतली केळी. आई आणि ती चुलीपाशी बसून बोंबलाच्या कालवणात चिंच की कोकम यावर वाद घालायच्या. शेजारची काकू एकदा म्हणाली, "ख्रिस्ताव बाई तुमच्या चुलीपाशी?" आई म्हणाली, "हो. तिच्या हाताला चव आहे. वाटी देऊ का?" काकूने आढेवेढे घेत वाटी घेतली आणि पुढच्या खेपेला रिकामी वाटी स्वतःच घेऊन आली.

मी रेजिनाबायला रेजिनाबायच म्हणत राहिले. तिने कधी दुसरं काही म्हणायला सांगितलं नाही. आईला मात्र पहिली दोन-तीन वर्षं धाकधूक असायची. मी फिलूबरोबर दोन दिवस डोंगरीला राहायला गेले की ती अण्णांना सायकलवरून चौकशीला पाठवायची. अण्णा तिकडून परत येऊन सांगायचे, बरी आहे. एवढी वर्षं एका बाजूने नेलेला निरोप ते आता दोन्ही बाजूंनी नेत होते आणि त्यात त्यांना फार समाधान वाटत होतं.

पुढे मी शिक्षिका झाले. विज्ञान शिकवलं. जंतूंच्या धड्याला आलं की मी पुस्तक मिटून कुंदाची आणि माझी गोष्ट सांगायची, दोघींनी खाल्लेल्या पेरूची. एक जंतू, दोन मुली. आमच्या डॉक्टरांनी घाऱ्या डोळ्यांचं उदाहरण देऊन जे सांगितलं होतं, त्याचा उलगडा नंतरच्या काळात थोडाफार झाला. आपल्या पेशींवर आईवडिलांकडून आलेल्या खुणा असतात, जंतू कसा ओळखायचा हे त्या खुणांवर अवलंबून असतं, आणि काही खुणा असलेल्या घरांत हा ताप जास्त रेंगाळतो. सगळ्या मुलखांत एकच खूण सापडते असंही नाही. खूण असली म्हणजे दुखणं येणारच असंही नाही. त्यासाठी जंतू यावा लागतो, घसा पुन्हा पुन्हा यावा लागतो, औषध वेळेवर मिळालेलं नसावं लागतं. मुलांना हे सगळं मी सोपं करून सांगायची. एक मुलगी एकदा म्हणाली, "मग बाई, काही लोक कमजोर असतात, असं म्हणायचं?" मी म्हटलं, नाही. रेजिनाबाय सहा मैल डोक्यावर पाटी घेऊन चालायची, आखडलेल्या झडपेने. कमजोर म्हणायचं असेल तर दुसऱ्या कोणाला म्हण.

सत्तरचं दशक सुरू झालं तेव्हा तिची धाप फारच वाढली. डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे म्हणाले, ऑपरेशन करू. छाती उघडून, धडधडत्या हृदयातच आखडलेली झडप मोकळी करायची. फिलू घाबरून गेली. रेजिनाबाय घाबरली नाही. ती आईला म्हणाली, "वयनी, मी न्हाय परतले तं फिलूला तुमी बघा. एक घेतलीय तर दुसरी जड न्हाय." आईने तिला अशी काही झापली की वॉर्डातल्या नर्सने दोघींना गप्प बसायला सांगितलं. ऑपरेशनच्या दिवशी आई, अण्णा, फिलू आणि मी बाहेरच्या बाकावर होतो. फिलू जपमाळ ओढत होती, आई तिच्या शेजारी हात जोडून. मी माझ्या मनगटावरची नाडी धरून बसले होते. ती नीट चालली होती. ती नीट चालावी म्हणून या बाईने मला दुसऱ्या घरी दिलं होतं, असं मला उगाचच वाटलं. खरं तर तेव्हा तिला कुठे माहीत होतं.

ती वाचली. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा पाठ टेकून सपाट झोपली. नर्स उशा द्यायला गेली तेव्हा "नको" म्हणाली. कितीतरी वर्षांनी छपराकडे बघत झोपतेय, असं तिने मला सांगितलं.

मी एकवीस वर्षांची झाले त्या वर्षी डॉक्टरांनी माझी छाती ऐकली, मग पुन्हा ऐकली, आणि नळी खाली ठेवून म्हणाले, "झालं. तुझं इंजेक्शन बंद." फिलूचं त्यांनी आदल्याच वर्षी थांबवलं होतं, ती लग्न होऊन डोंगरीजवळच्याच पालीला गेली होती, तिला एक मुलगा होता, आणि तरी ती दर खेपेला रेजिनाबायबरोबर यायची. रेजिनाबायचं मात्र चालू राहणार होतं, कायमचं. पण डोंगरीच्या शेजारी उत्तनला आता दवाखाना झाला होता. "तिकडेच घेत जा," डॉक्टर म्हणाले. "एवढ्या लांब येण्याची आता गरज नाही." आम्ही सगळ्या हसलो, डॉक्टरांच्या पाया पडलो, त्यांच्या टेबलावर पेढे ठेवले. आनंदाचा दिवस होता. घरी जेवताना आईने रेजिनाबायला न विचारताच तिसऱ्यांदा भात वाढला. रेजिनाबाय निघाली तेव्हा आई दारात उभी राहिली आणि पुढच्या वेळचं काही बोलणं झालं नाही, कारण पुढची वेळ नव्हती.

तीन आठवडे गेले. शनिवार आला. मी शाळेत शिकवून परत आले तर घरात बोंबलाच्या कालवणाचा वास. आई घामाघूम. एवढं कोणासाठी, असं मी विचारलं नाही. अण्णा पेपर उघडून बसले होते आणि एकच पान बराच वेळ वाचत होते. एक वाजला. आई म्हणाली, "सवयीने झालं बाई माझं. चला, बसा." आणि ताटं घेऊ लागली.

तेवढ्यात ओट्यावर पावलं वाजली. रेजिनाबाय, मागे फिलू, तिच्या कडेवर पोरगा. रेजिनाबायने डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि घाम पुसला.

आई उठलीच. "का हो? काय झालं? इंजेक्शन चुकलं?"

"न्हाय, इंजेक्शन घेतलं काल उत्तनला," रेजिनाबाय म्हणाली. "आज नुसती जेवाया आले."

आईने तिच्याकडे पाहिलं, मग मागे वळून मला म्हणाली, "बघत काय राहिलीस? अजून दोन पाट टाक."